उसवलेले चेहरे

हर्षदा बोंद्रे एकदा पाहिलेला चेहरा विसरत नसे. यात विशेष काही आहे असं तिला स्वतःला कधी वाटलं नव्हतं. फलटणला एका लग्नात तिनं शेजारी बसलेल्या बाईला सहज विचारलं, "तुमची ती धाकटी आता मोठी झाली असेल, नाही? स्वारगेटच्या एसटीत किती रडत होती!" ती बाई दचकलीच. असा प्रवास तिनं केला होता खरा, पण त्याला बरीच वर्षं लोटली होती, आणि त्या गाडीत हर्षदा तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. बाईनं पदर सावरला आणि जागा बदलली.

कराडातल्या 'रोपटं' बालवाडीला मात्र या गुणाची किंमत ठाऊक होती. तिथं हर्षदा शिकवत नसे, फाटक सांभाळत असे. शाळा सुटली की एकेका मुलाचा हात धरायचा आणि नेमक्या माणसाच्या हातात द्यायचा, हे तिचं काम. आज आजोबा, उद्या मावशी, परवा नवा रिक्षावाला. बोटांचे ठसे, ओळखपत्रं असलं काही त्या शाळेत आणावंच लागलं नाही. "हर्षदाताई आहेत ना फाटकावर," म्हणून मुलांच्या आया निर्धास्त असायच्या.

तिची मुलगी ऋजुता वेगळ्याच घडणीची. चेहऱ्यांत तिला रस नव्हता, आकृत्यांत होता. लहानपणी बापाच्या गॅरेजात बसून ती खोललेलं इंजिन नुसतं बघायची आणि मग डोळे मिटून सांगायची, "पप्पा, तो दात असलेला तुकडा उलटा बसवलाय तुम्ही." उमेश बघायचा तर खरंच उलटा. बारावीनंतर ऋजूला मुळशीच्या डोंगरावरच्या मेरुशिखर विद्यापीठात गणिताला प्रवेश मिळाला तेव्हा उमेशनं आळीत पेढे वाटले आणि घरी येऊन फीचं पान उघडलं. गॅरेज आणि राहतं घर विकलं असतं तरी पहिलं वर्षसुद्धा निघालं नसतं. बँकांनी तर शिक्षणाची कर्जं केव्हाच आखडती घेतली होती. निम्मी कामं यंत्रं करू लागल्यावर पदवीनंतर नोकरी लागेलच, यावर बँकांचाही विश्वास उरला नव्हता. मेरुशिखरची पोरं तेवढी हातोहात उचलली जात. म्हणून तर सगळे तिथंच धावत होते.

प्रवेशाच्या दिवशी कार्यालयातल्या तरुण बाईनं पैशांचं नावही काढलं नाही. तिनं हसून विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?"

"म्हणजे?" उमेश गोंधळला.

"आमची पालक-सहभाग योजना आहे ना. प्रत्येक माणसात काहीतरी असतं हो. आम्ही फक्त ते शोधतो."

दोघांची चाचणी झाली. उमेशला नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड कळायचा, पण ते काम आता पाच बोटांएवढं यंत्र करत होतं. त्याच्या नावापुढं रेघ आली. ती त्याला लागली. हर्षदाच्या वेळी मात्र पडद्यापुढं बसलेल्या मुलानं खुर्ची मागं सारली आणि आतून आणखी दोघांना बोलावून आणलं.

विद्यापीठानं त्यांना पुण्यात बाणेरच्या 'परिचय' नावाच्या कंपनीकडं पाठवलं. तिथल्या डॉ. सौमित्र ओगल्यांनी त्यांना चहा देऊन सगळं समजावून सांगितलं. माणूस बोलका होता, घरच्यासारखा वागायचा.

"चेहरे यंत्रालाही ओळखता येतात, ताई. पण मास्क घातला, दाढी वाढवली, दहा वर्षं वय वाढलं, की यंत्र गडबडतं. शंभरात एखाद्या माणसाचा मेंदू गडबडत नाही. तुमचा तसा आहे. उजव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी एक लहानशी पट्टी असते. तिच्यातली वीण आम्हाला वाचायची आहे."

"डोकं उघडून?" हर्षदानं विचारलं.

"छे, छे! नुसती टोपी घालून. असं बघा, आठवण म्हणजे पेशीपेशींमधले टाके. आपण एखादी गोष्ट आठवतो ना, तेव्हा मेंदू ते टाके जरा सैल करतो आणि नवी प्रथिनं घेऊन पुन्हा घालतो. हे रोज चाललेलं असतं, आपल्याला पत्ताही नसतो. आम्ही एक औषध देतो. त्यानं पुन्हा टाके घालण्याचं काम थोडा वेळ थांबतं. तुम्ही चेहरे आठवत राहायचं, वीण उघडी राहते, टोपी ती वाचून घेते. औषध उतरलं की मेंदू आपले टाके आपण घालतो."

"आणि नाही घातले तर?" उमेश म्हणाला.

"घालतो हो," ओगले म्हणाले आणि त्यांनी बशीतलं बिस्किट पुढं केलं.

एका बैठकीत एका सत्राची फी फिटणार होती. ऋजूला एवढंच सांगितलं की आईला अधूनमधून पुण्याला जाऊन संगणकापुढं काही फोटो ओळखावे लागतात. ते खोटंही नव्हतं.

पहिल्या दोन बैठका सहज गेल्या. सकाळी रक्त तपासायचे, मग हलकं जेवण, दुपारी औषध. जिभेवर लोखंडासारखी चव यायची आणि डोळ्यांपुढून चेहऱ्यांची रांग जायची. बाजारातले, एसटीतले, शाळेतले, मेलेले, जिवंत. घरी परतताना थोडं डोकं दुखायचं, बस.

तिथं बाहेरच्या खोलीत तिची ओळख मिरजेच्या इलियासभाई बागवानांशी झाली. त्यांचा आंब्याचा धंदा होता. पेटी न उघडता नुसत्या वासावर आतला कुठला आंबा उद्या नासणार ते त्यांना कळायचं. त्यांचा मुलगा मेरुशिखरलाच होता. पहिल्या भेटीत हा माणूस हसून हसून बोलला. तिसऱ्या वेळी भेटला तेव्हा त्यानं पिशवीतून एक आंबा काढला आणि इकडंतिकडं बघून तिच्यापुढं धरला.

"ताई, जरा बघा. पिकलाय का हा?"

आंबा सडला होता. सगळी खोली त्या वासानं भरली होती. हर्षदानं आंब्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला एकदम थंडी वाजली.

"परवा घरात गॅस सुटला होता," इलियासभाई हळूच म्हणाले. "नातवानं सांगितलं म्हणून कळलं. डॉक्टरांना बोललो. ते म्हणतात, वयानं होतं."

आतून हर्षदाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. उठताना तिच्या मनात आलं होतं, परत फिरावं. पण ऋजूचा तेव्हा नुकताच कुठल्याशा स्पर्धेत पहिला नंबर आला होता आणि फोनवर ती किती खूश होती. हर्षदा आत गेली.

त्यानंतर ते सुरू झालं.

आधी अनोळखी माणसं गेली. पाठ फिरली की चेहरा पुसला जायचा. तिला वाटलं, इतरांचं असंच तर असतं. आपण आता चारचौघांसारख्या झालो, एवढंच. बैठका होत राहिल्या. मग एका सकाळी ती मागच्या दारानं पाणी भरून आत आली, तर स्वयंपाकघरात एक माणूस उभा. माठातून पाणी पीत होता. रुंद खांदे, मिशी, कपाळावर घाम. तिनं ओट्यावरचा बत्ता उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. तो माणूस वळला.

"अगं ए! काय झालं?"

आवाज उमेशचा होता. बत्ता हातातून सुटून फरशीवर आदळला. उमेशनं तिला खाली बसवलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. डोळे दिसत होते, नाक दिसत होतं, मिशी दिसत होती, पण ते सगळं मिळून नवरा होत नव्हता. मग हळूहळू, दूध विरजावं तसं ते जमून आलं.

"मी हाय की गं," उमेश पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बास झालं आता. नको जाऊ त्या पुण्याला."

"दोनच बैठका राहिल्यात," हर्षदा म्हणाली. "मधेच सोडलं तर आधीची फीसुद्धा मागतील. पोरीला काढून टाकतील."

उमेशनं मान खाली घातली. त्याच्याकडं काहीच निघालं नव्हतं, ती रेघ अजून त्याच्या नावापुढं होती.

त्यातली एक झाली.

फाटकावर ती आता भीतभीतच उभी राहायची. शाळेत तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर फाटक जाणार, पगार जाणार, आणि ऋजूच्या जेवणाखाण्याचे पैसे त्या पगारातूनच जात होते. तिनं एक युक्ती शोधली होती. पालक दिसले की मुलाचा हात जरा सैल सोडायचा. मूल आपणहून ज्याच्याकडं धावेल, तो माणूस बरोबर. मुलं चुकत नाहीत. दिवसामागून दिवस हे चाललं, आणि तिची छाती थोडी कमी धडधडू लागली.

निहारा नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिच्या आईबापांचा घटस्फोट झाला होता. बापानं मुलीला पळवून न्यायची धमकी दिली होती, म्हणून कोर्टानं त्याला भेटायला बंदी केली होती. मुख्याध्यापिका कुंभोजकर मॅडमनी हर्षदाला त्याचा फोटो दाखवून बजावलं होतं, आणि पूर्वी एकदा तो दाढी वाढवून, टोपी घालून आला तर हर्षदानं रस्त्यापलीकडूनच त्याला ओळखून फाटक लावून घेतलं होतं.

त्या दुपारी एक माणूस हसत पुढं आला. "निहाराला न्यायला आलोय. मी मामा तिचा."

हर्षदानं त्याच्याकडं पाहिलं. चेहऱ्याच्या जागी चेहरा होता, इतकंच. तिनं निहाराचा हात सैल सोडला. निहारा आनंदानं ओरडली आणि उडी मारून त्याच्या कडेवर गेली. आपल्या बापाला बघून पोर आनंदणार नाही तर काय करेल?

"सांभाळून न्या हं," हर्षदा म्हणाली.

थोड्या वेळानं निहाराची आई शलाका धापा टाकत आली. "उशीर झाला हो ताई, बँकेत गर्दी होती. कुठाय?"

ते हर्षदाला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. शलाकाची किंकाळी, कुंभोजकर मॅडमचे पांढरे पडलेले ओठ, रस्त्यावर जमलेली माणसं, आणि त्या सगळ्या माणसांना चेहरेच नाहीत. जो तो तिच्याकडं बोट करत होता आणि कोण बोट करतंय ते तिला कळत नव्हतं.

पोलीस ठाण्यात फौजदार शबाना मुल्ला यांनी तिच्यापुढं फोटो मांडले. "ताई, यातला कोण? घाबरू नका. तुमच्याबद्दल ऐकलंय मी, तुम्ही कुणाला विसरत नाही म्हणतात."

हर्षदा फोटो बघत राहिली. एकावरून दुसऱ्यावर नजर गेली की पहिला जायचा. तिनं शेवटी एकावर बोट ठेवलं. तो ठाण्यातलाच एक हवालदार निघाला. मुल्लाबाईंनी फोटो गोळा केले. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला.

"राहू द्या. आपल्याकडे आता नवी यंत्रणा आलीय."

त्यांनी टॅबलेट उघडला. महामार्गावरच्या कॅमेऱ्यांची चित्रं भराभर सरकू लागली. गाड्या, मोटारसायकली, हेल्मेटं. हर्षदा बाजूला बसून बघत होती. पडद्यावर एक बारीक हिरवी रेघ प्रत्येक चेहऱ्यावरून फिरत होती. आधी दोन भुवयांमधली जागा, मग डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा, मग खाली उतरून नाकपुडी, आणि मग पुन्हा वर. हर्षदाच्या अंगावर काटा आला. ती लहानपणापासून माणसांकडं असंच बघत आली होती. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं.

एका हेल्मेटवर रेघ थांबली. काचेतून नुसते डोळे दिसत होते. पुढं टाकीवर बसवलेलं मूल.

"सापडला!" मुल्लाबाई उठल्या. वायरलेसवर सूचना देता देता त्या कौतुकानं म्हणाल्या, "बघितलंत? नुसत्या डोळ्यांवरून. माणसाला जमेल का हे?"

पेठ नाक्याजवळ त्याला अडवलं. निहारा सुखरूप होती, आइस्क्रीम खात होती. पण तिला संध्याकाळी परत आणेपर्यंत शलाका ठाण्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसून होती, आणि हर्षदा तिच्यासमोर. एकदा शलाकानं मान वर करून विचारलं, "तुम्ही तर त्याला ओळखत होतात ना?"

शाळेनं तिला फाटकावरून काढलं.

शेवटच्या बैठकीला ती गेली तेव्हा ओगल्यांनी आधी एक छोटी चाचणी घेतली. ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"ताई, वरवरचे थर आता उपयोगाचे राहिले नाहीत. एकच गोष्ट अजून खोल आणि स्वच्छ आहे." त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. त्यावर रंगांचे डाग होते, तिला काही कळलं नाही. "तुमच्या मुलीचा चेहरा. जन्मल्यापासून आजपर्यंतचा. एक चेहरा वयानुसार कसा बदलतो, हे असं सलग आम्हाला कुठंच मिळालेलं नाही. एवढी एक बैठक, आणि तिची पदवी पूर्ण."

"आणि टाके परत नाही पडले तर?"

या वेळी ओगले 'घालतो हो' म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मुलगी तर कुठं जात नाही ना, ताई. चेहरा काय, पुन्हा बघून शिकता येतो."

हर्षदा खुर्चीतून उठली. दारापाशी पोचेपर्यंत तिला वाटत राहिलं की मागून कुणीतरी टोपी आणून डोक्यावर घालेल. कुणी घातली नाही. ओगले मागून नुसते म्हणाले, "विचार करा. नाहीतर उरलेली जबाबदारी विद्यार्थ्यावर येते, हे तुम्हाला माहीत आहेच."

तिला माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात उमेशनं ऋजूला फोन करून सगळं सांगितलं. हर्षदानं अडवलं नाही. ऋजू ओरडली. इतकी, की उमेशनं फोन कानापासून लांब धरला. "मला का नाही सांगितलंत? मी मागितलं होतं का हे? मी म्हटलं होतं का, आईचं डोकं विका म्हणून?" मग ती रडली, मग फोन बंद झाला. त्यानंतर ती घरच्यांशी बोललीच नाही.

हर्षदा रोज तिचे फोटो उघडून बसायची. बारशाचा, बालवाडीतला, दहावीच्या निकालाचा. डोळे मिटायचे आणि चेहरा आठवायचा. येत होता. पण कधीकधी हनुवटी बहिणीच्या मुलीची यायची, कधी नुसतेच केस यायचे. तिला ओगल्यांचं बोलणं आठवायचं, आठवण काढली की टाके सैल होतात. मग आठवायचीही भीती वाटू लागली.

एका सकाळी फोन वाजला.

"आई, मी परिचयमध्ये आलेय." ऋजूचा आवाज कोरडा होता. "एकच बैठक आहे. शेवटचं सत्र सुटेल, आणि तुला परत इथं यायला नको."

"तुझं काय घेणार आहेत ते?" हर्षदानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"मनातल्या मनात आकृत्या फिरवते ना मी, ते. डॉक्टर म्हणाले, तरुण मेंदूत टाके लगेच पडतात. तू काळजी करू नको."

"ऋजू, ऐक माझं, औषध घेऊ नको. ऋजू!"

फोन बंद झाला होता.

गॅरेजात दुरुस्तीला आलेली एक गाडी होती. मालकाला विचारायलाही उमेश थांबला नाही. महामार्गावर तो कधी एवढ्या वेगानं गेला नव्हता. हर्षदा शेजारी बसून मनात सांगत होती, आत्ता रक्त तपासत असतील. आत्ता जेवायला दिलं असेल. औषध दुपारी देतात. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा तिनं ऋजूचा चेहरा आठवून बघितला. काही आलं नाही. बोगद्याबाहेर आल्यावरही आलं नाही.

परिचयच्या दारात रखवालदारानं उमेशला अडवलं. "सहभागी म्हणून नाव बाईंचं आहे, तुमचं नाही."

"पण हिला..." उमेश बोलता बोलता थांबला. हिला पोरगी ओळखू येणार नाही, हे त्याला चारचौघांत म्हणवेना. हर्षदानं त्याच्याकडं पाहिलं आणि ती आत पळाली.

पूर्वी त्या दालनात चाळिशी-पन्नाशीची माणसं असायची. आज सगळी पोरंच होती. सत्र संपत आलेलं, फीची मुदत भरत आलेली, आणि आईबाप वापरून झालेले. ओळीनं खुर्च्या, प्रत्येकाच्या अंगात निळा झगा, डोक्यावर भुवयांपर्यंत ओढलेली करडी टोपी. दूरच्या टोकाला एक परिचारिका औषधाचा ट्रे घेऊन पहिल्या रांगेपासून सुरुवात करत होती.

हर्षदा मधोमध उभी राहिली. चेहरे, चेहरे, चेहरे. तिच्या आयुष्यात तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती, त्या पोलीस ठाण्यातसुद्धा नाही. तिनं डोळे मिटले, उघडले. आणि तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, तिला एक चेहरा दिसला. तीच हनुवटी. तोच खालचा ओठ आत ओढलेला. सगळं एकदम जमून आलं, लख्ख. तिचे डोळे भरले. ती खुर्च्यांमधून धावत गेली आणि तिनं त्या मुलीचा हात घट्ट धरला.

"ऋजू! चल बाळा, ऊठ. चल माझ्याबरोबर."

मुलगी तिच्याकडं बघत राहिली. तिचा हात गार होता.

"काकू," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मी नाही."

"नाही कशी? ऋजू, मी आलेय ना..."

"काकू, मी नाही हो ती."

मागून आवाज आला. "आई?"

हर्षदा वळली. चार खुर्च्या पलीकडं एक मुलगी उठून उभी होती. तिनं टोपी अर्धी काढली होती. हर्षदानं त्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काहीही ओळखू आलं नाही. त्या मुलीनं तिचं ते बघणं बघितलं. दुसऱ्याच पोरीचा हात धरून 'बाळा' म्हणणारी आपली आई बघितली.

परिचारिका त्या रांगेपर्यंत आली होती. ऋजूनं टोपी काढून खुर्चीवर टाकली, झग्याच्या गाठी ओढून सोडल्या आणि आईजवळ आली.

"चल," ती म्हणाली. मग हर्षदाच्या पायांकडं बघून एकदम रागानं बोलली, "चपला कुठायत तुझ्या? अनवाणी आलीस कराडहून? अगं, वेड लागलंय का तुला? आणि पप्पांनी बघितलं नाही? रस्त्यावर काचा असतात, कितीदा सांगितलंय!"

असं रागवणारं जगात एकच माणूस होतं. हर्षदाचा श्वास मोकळा झाला. तिनं ऋजूच्या दंडाला धरलं आणि दोघी दाराकडं निघाल्या. ओगले कुठूनतरी धावत आले. विद्यापीठाचं काय होईल, पदवी कशी अडकेल, सगळं समजावू लागले. ऋजूनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाहेरच्या खोलीत आल्यावर तिचं अवसान गळालं. ती बाकावर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. "मला दिलंच असतं गं त्यांनी औषध. दोनच खुर्च्या राहिल्या होत्या."

हर्षदा तिच्या केसांतून हात फिरवत होती. बाहेर काचेपलीकडं एक माणूस अस्वस्थ फेऱ्या घालत होता, तो उमेश असणार. जाऊन त्याला सांगायला हवं होतं. आता पुढं काय, हेही बघायला हवं होतं. पण तिच्या तळहाताला अजून तो दुसरा हात लागत होता, गार, घामेजलेला.

"ती मुलगी कोण होती गं?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"मी जिला धरलं ती."

"मला नाही माहीत. आमच्या वर्गातली नाही." ऋजूनं डोळे पुसले. "सकाळपासून एकटीच होती. तिच्याबरोबर कुणी आलेलं दिसलं नाही."

हर्षदा उठली.

"आई, नको. परत आत नको!"

पण ती गेली होती. ऋजू तिच्यामागं धावली. दालनाच्या दारात दोघी उभ्या राहिल्या. परिचारिका ट्रे घेऊन अजून तिसऱ्याच रांगेत होती, खिडकीपर्यंत पोचली नव्हती. निळे झगे, करड्या टोप्या, आणि त्यांच्याखाली सारखेच चेहरे. हर्षदाला एकही सांगता आला नसता.

"मघाशी मी जिचा हात धरला होता, ती पोरगी कोण?" ती मोठ्यानं म्हणाली. "मला चेहरे ओळखता येत नाहीत. हात वर कर, बाळा. मी तुला न्यायला आलेय."

कुणी हललं नाही. परिचारिका ट्रे धरून जागीच थबकली.

मग खिडकीजवळ एक हात वर आला.

"तीच, आई," ऋजू कुजबुजली.

हर्षदा तिकडं निघाली, तोच पुढच्या रांगेतून आणखी एक हात वर आला. मग भिंतीकडेचा. मग मुलग्यांच्या रांगेतला एक, डोळे खाली घालून. मग मागचे, एकेक करत. हर्षदा जागीच थांबून बघत राहिली. त्यातला एकही हात खाली जात नव्हता.